पेन्सिलीनं लिहिलेला आकडा

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून वैजनाथलाही सुट्टी. दुपारी तो सकाळचीच गार खिचडी खात बसला होता. पोस्टमननं उघड्या दारातून पाकीट आत टाकलं आणि तो जिना उतरून गेला. वैजनाथ हात धुऊन आला, पाकीट उचललं आणि तसाच उभा राहिला.

पाकिटावर शालनचं अक्षर होतं.

'श्री. वैजनाथ किसनराव गोटे', खाली खडकीचा पत्ता, शेवटी 'पुणे ३'. श्रीला नेहमीसारखा मोठा वळसा. तिकीटही तिनंच लावलेलं, जरा वाकडं. शालनला जाऊन सात महिने होत आले होते.

मग त्याला आठवलं. परीक्षेच्या फॉर्मसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं असतं. जुलै महिन्यात तिनं खाटेवर बसून, पाय उशीवर ठेवून तो फॉर्म भरला होता. त्यानं फक्त सह्या केल्या होत्या. आत विद्युत सुपरवायझरच्या परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. लेखी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि तोंडी तिच्या दुसऱ्या दिवशी.

त्यानं ते पाकिटासकट घड्याळामागं खोचून ठेवलं. परीक्षेला जायचं नाही, हे त्याचं दिवाळीतच ठरलं होतं.

वैजनाथ वाशीमकडचा. वायरमनचा परवाना काढून पुण्याला आला त्याला बावीस वर्षं झाली होती. ती सगळी वर्षं त्यानं बापूरावांच्या हाताखाली काढली. बापूराव म्हणजे ठेकेदार. पूर्वी बंगले आणि पिठाच्या गिरण्या यांची कामं असायची. मागच्या चार-पाच वर्षांत हिंजवडीकडं कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठायला लागल्या आणि बापूरावांनी गाडी घेतली. काम तेच होतं. वायर वैजनाथनं ओढायची, बोर्ड त्यानं भरायचे, आणि शेवटी तपासणीचा जो अहवाल वीज मंडळाला द्यायचा त्यावर सही बापूरावांची. सुपरवायझरचं सर्टिफिकेट त्यांच्याकडं होतं, वैजनाथकडं नव्हतं.

"घर तुम्ही उभं करायचं आणि उंबऱ्यावर नाव त्यांचं," शालन म्हणायची. "एकदा परीक्षा द्या ना."

"लेखी असते ती. हातानं दाखवायची असती तर उद्या दिली असती."

"मग लिहायला शिका."

मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघंच. एका रविवारी ती स्वतः बुधवार पेठेत गेली आणि परीक्षेचं मराठी पुस्तक घेऊन आली. आपल्या खर्चानं एक दोनशे पानी वहीही आणली. तिथून त्यांचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणजे ती वाचायची आणि अडली की थांबायची. अडायची प्रत्येक ओळीला. दहावीपर्यंत शिकलेली होती, पण विजेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय पुढं जायची तिची तयारी नव्हती.

"पोलॅरिटी तपासायची म्हणजे काय?"

"बटन फेजच्या वायरवर आहे का ते बघायचं."

"दुसऱ्या वायरवर असलं तर? दिवा तर विझतोच ना?"

"दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते. बल्ब बदलायला गेलेला माणूस चिकटतो."

"असं सरळ लिहा की मग. पुस्तकातल्या बाईला का घाबरता?"

"पुस्तकात बाई कुठाय?"

"मी आहे ना, पुस्तक हातात धरून. मला सांगता तसं लिहा."

हे त्याला जमायचं. तिला समजावून सांगितलेलं त्याच्या डोक्यात पक्कं बसायचं. नुसतं पुस्तक उघडून बसलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. म्हणून ती गेल्यावर अभ्यास संपला. पुस्तक होतं, वही होती, न समजणारं माणूस तेवढं नव्हतं.

घड्याळामागं पाकीट खोचलं खरं, पण तिचं अक्षर असलेला एक कोपरा बाहेर राहिला. चार दिवस तो कोपरा दिसत राहिला. पाचव्या दिवशी कामावरून आल्यावर त्यानं ट्रंकेतून वही काढली.

वहीत मधोमध शालननं एक तक्ता आखला होता. परीक्षेत तपासणीचा अहवाल भरायला देतात, म्हणून सरावासाठी त्यांनी स्वतःच्याच इमारतीचा अहवाल भरला होता. ते माघातलं, म्हणजे सव्वा वर्षापूर्वीचं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. वायरिंगचं इन्सुलेशन, सगळे पॉइंट, फ्यूज. हे त्यानं इन्सुलेशन तपासायच्या घरातल्या मेगर यंत्रानं तिच्यासमोर मोजलं होतं, म्हणून तिनं निळ्या शाईनं लिहिलं. शेवटची ओळ अर्थिंगची होती.

"अर्थिंग म्हणजे ते मागचं झाकण?" तिनं विचारलं होतं.

इमारतीच्या मागं, रेल्वेच्या भिंतीकडं जी मोकळी जागा होती तिथं एक लोखंडी झाकण होतं. खाली खड्डा, खड्ड्यात पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. वैजनाथनं तिला समजावलं. वीज कुठं भरकटली, गिझरच्या, इस्त्रीच्या अंगावर आली, तर तिला जमिनीत जायला वाट पाहिजे. ती वाट मिळाली नाही तर ती माणसातून जाते. त्या वाटेत अडचण किती, ते ओहममध्ये मोजायचं. आकडा जेवढा लहान तेवढी वाट चांगली. जमीन ओली असली की आकडा उतरतो, सुकली की चढतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं असतं.

"आपल्या खड्ड्यात कोण घालतं?"

"कोण घालणार? मालक कधी इकडं फिरकत नाही. त्यात इथला मुरूम, पाणी धरत नाही. मी एखाद्या गुरुवारी खड्डा उकरून मीठ-कोळसा नवीन भरतो."

"मग आकडा किती लिहू?"

"दोन लिही."

"मोजलं का?"

"अगं, सगळे दोनच लिहितात. मोजायचं यंत्र बापूरावांकडं आहे. ते कपाटात असतं."

तिनं पेन खाली ठेवलं होतं. "कंपन्यांच्या अहवालातही असंच लिहिता?"

"मी लिहितो, ते सही करतात. आजवर कुणाला काही झालं का?"

थोड्या वेळानं तिनं पेन्सिल घेतली आणि दोनचा आकडा घातला. "पेन्सिलीनं लिहिते," ती म्हणाली. "तुम्ही मोजलं की शाईनं करीन."

तो आकडा अजून पेन्सिलीतच होता.

वैजनाथ बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. तिला कबूल केलेल्या दोन गोष्टी त्याच्याकडून राहिल्या होत्या. खड्डा उकरायचा गुरुवार उगवला नव्हता आणि हा आकडा शाईत आला नव्हता. दवाखान्यात तिनं तिसरीही मागून घेतली होती. "परीक्षा चुकवायची नाही. पुस्तक सगळं मी वाचलंय. तुम्ही नुसते जाऊन बसलात तरी निम्मे मार्क पडतील." तो हो म्हणाला होता. तेव्हा ती काहीही बोलली असती तरी तो हो म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी त्यानं बापूरावांकडं अर्थ टेस्टर मागितला. ते साइटवर, खुर्चीत बसून चहा पीत होते.

"कशाला?" बापूराव म्हणाले.

"मोजायला."

"अरे, ते कपाटात ठेवायला घेतलंय, मोजायला नाही. इन्स्पेक्टरनं विचारलं तर दाखवता यावं म्हणून." मग त्यांनी कप खाली ठेवला. "कुठलं मोजायचंय?"

"घरचं. परीक्षेच्या तयारीला."

बापूराव त्याच्याकडं बघत राहिले. मनानं वाईट माणूस नव्हता. शालनच्या वेळी दवाखान्यात दोनदा येऊन गेला होता. "वैजनाथ, राग मानू नकोस. पण आता कुणासाठी देतोयस परीक्षा? माझी सही आहेच की. चाळिशी उलटली, डोळ्याला चष्मा आलाय. कशाला जिवाला घोर लावून घेतोस?"

"गुरुवारपुरतं नेतो, शुक्रवारी आणून देतो," वैजनाथ एवढंच म्हणाला.

कुणासाठी, हा प्रश्न मात्र बसमध्ये त्याच्याबरोबर घरापर्यंत आला.

गुरुवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. मागच्या मोकळ्या जागेत गवताची काडी शिल्लक नव्हती. मुरूम पांढरा पडला होता. वैजनाथनं खालच्या बोर्डातून अर्थिंगची वायर सोडवली, सरळ रेषेत दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, एक रेल्वेच्या भिंतीलगत आणि एक निम्म्या वाटेवर. वायरी जोडल्या आणि यंत्राचं हँडल फिरवलं. मनात त्यानं बारा धरले होते. वीस-पंचवीस वर्षांचा खड्डा, कधी कुणी हात न लावलेला, एप्रिल महिना. पंधराही आले असते तरी नवल नव्हतं.

काटा दोनच्या अलीकडं थांबला. एक पूर्णांक नऊ.

तो हसला. यंत्र कपाटात राहून बिघडलं असणार. वायरी काढून परत जोडल्या. एक पूर्णांक नऊ. मधली खुंटी पाच हात अलीकडं घेतली, मग पाच हात पलीकडं. खुंटी हलवूनही आकडा हलला नाही, तर आकडा खरा, हे त्यानंच शालनला शिकवलं होतं. आकडा हलला नाही.

वैजनाथ झाकणाजवळ आला आणि उकिडवा बसला. झाकण उचललं. आतून गारवा आला. पाइपच्या तोंडाशी माती काळी, ओलसर होती. त्यानं दोन बोटं घातली, ती चिखलानं भरून आली. झाकणापासून वीतभर अंतरावरची जमीन तव्यासारखी तापलेली आणि इथं चिखल. कुठं नळ फुटलाय का, म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं. नळ पार पुढच्या बाजूला होता आणि दुपारी त्याला पाणीही नसायचं.

बोटं चिखलानं भरलेली, अंगठ्यावर मुंगी चढलेली, तसाच तो बसून राहिला. साडेचारच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या रझियाभाभी बादली घेऊन येत होत्या. दोन्ही बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर, समोरासमोर. भाभींचे मियाँ हमीदभाई घड्याळं दुरुस्त करायचे. शालनचं आणि भाभींचं चांगलं जमायचं. एकीच्या घरात मीठ संपलं तर दुसरीच्या घरात कळायचं.

वैजनाथला बघून भाभी थबकल्या.

"भाऊ, तुम्ही इथं?"

"हे मोजत होतो. भाभी, पाणी कुठं घेऊन चाललात?"

भाभींनी बादली खाली ठेवली. पदरानं कपाळ पुसलं. "आता तुम्ही बघितलंच. ती म्हणाली होती त्यांना सांगू नका, उगीच चिडतील."

"कोण?"

"शालन. अजून कोण?" भाभी झाकणाकडं बोट करून म्हणाल्या. "इथं पाणी घालायला सांगून गेली. तांदळाचं, डाळीचं धुतलेलं पाणी, कपड्यांचं शेवटचं पाणी, सगळं साठवायचं आणि दुपारी इथं आणून ओतायचं. साबणाचं नको म्हणाली. पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर सुरू कर, परीक्षेपर्यंत घाल. सगळं ठरवून दिलं होतं तिनं. मी एक दिवस चुकवला नाही, भाऊ. रमजानमध्येसुद्धा."

वैजनाथनं बोटांवरचा चिखल पुसला. मग त्यानं विचारलं, "दवाखान्यात सांगितलं का?"

"नाही, त्याआधी. आषाढात. जिना उतरवेना झाला तेव्हा. त्याआधी, पाऊस लागेपर्यंत, ती स्वतःच घालायची ना. रोज. होळीच्या आधीपासून."

"होळीच्या आधीपासून?"

"मी विचारलं तिला, बाई, माती धुतेस का? तर म्हणाली, आमच्या ह्यांनी कागदावर दोन लिहायला लावलंय. आता ते खरं व्हायला पाहिजे ना." भाभींना हसू आलं. "मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, आकडा खोडून टाक की. तर म्हणाली, खोडला तर त्यांना वाटेल मी चूक काढली. मोजतील तेव्हा बरोबर आलं म्हणजे झालं."

रेल्वेच्या भिंतीपलीकडून एक मालगाडी गेली.

"किती हट्टी," भाभी म्हणाल्या. "पाय तेव्हाच सुजायचे तिचे. चपलेत जायचे नाहीत. मग आमच्या ह्यांच्या चामड्याच्या मोठ्या चपला घालून उतरायची. मी म्हणायचे, दे मी नेते, तर नाही म्हणायची. भाऊ, तुम्हाला काय झालं?"

त्या चपला वैजनाथला आठवल्या. मागच्या वर्षी, फाल्गुनातच कधीतरी, तो कामावरून आला तेव्हा दारात हमीदभाईंच्या चपला होत्या. त्यानं त्या उचलून समोर नेऊन दिल्या होत्या. "भाई, तुमच्या चपला आमच्याकडं नांदायला आल्यात," असं म्हणून दोघं हसलेही होते. शालन आत पोळ्या करत होती. तीही हसली होती.

आणि जूनमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, पायांवर सूज कधीपासून आहे?

शालन उत्तर द्यायच्या आधी वैजनाथ बोलला होता. "महिनाभर झाला असेल."

त्यानं पाहिलेलं नव्हतं. मोजलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं आणि काहीतरी आकडा द्यायचा म्हणून त्यानं दिला. जसा अहवालात देत होता तसाच. शालननं त्याच्याकडं पाहिलं होतं आणि ती गप्प बसली होती. नवऱ्यानं चारचौघांत सांगितलेलं तिनं कधी खोडलं नव्हतं. डॉक्टरांनी महिनाभर लिहून घेतलं. गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. किडन्यांचं कळलं ते दुसऱ्या दवाखान्यात, श्रावणात. तिथले डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने अंगावर काढलेलं दिसतंय. तेव्हा वैजनाथला ते पटलं नव्हतं.

आधी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांनाही नाही. विचारलं तर तेही अंदाजानंच सांगतील, हे त्याला माहीत होतं.

"काही नाही, भाभी," तो म्हणाला. "ऊन लागलं."

भाभींनी बादली उचलली आणि हळूहळू, पाइपच्या तोंडाशी धार धरून पाणी ओतलं. ते लगेच आत जिरलं. रोजची सवय असलेल्या माणसासारखं जिरलं.

त्या संध्याकाळी त्यानं वही उघडली. पेन्सिलीतला दोन तसाच राहू दिला. त्याच्या शेजारी पेनानं लिहिलं, '१.९. मोजून.' आणि तारीख घातली. मग त्यानं पुस्तक काढलं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अडला की थांबायचा आणि शालननं काय विचारलं असतं ते स्वतःला विचारायचा. ती विचारायची तसं एकदाही जमलं नाही. तिचे प्रश्न भलतीकडूनच यायचे. पण तो थांबत राहिला. पंचवीस दिवसांत पुस्तक एकदा संपलं.

लेखी पेपर त्यानं शालनला सांगतो तसा लिहिला. बल्ब बदलायला गेलेला माणूस चिकटतो, असंसुद्धा लिहिलं.

तोंडी परीक्षा सरकारी कचेरीतल्या एका खोलीत होती. टेबलापलीकडं दोन साहेब. एक तरुण, तो फक्त लिहीत होता. दुसरे निवृत्तीला आलेले, चष्मा नाकावर. पंखा कुरकुरत होता.

"हा पंखा का कुरकुरतोय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बेअरिंग गेलंय, साहेब."

"चला, एवढं तरी कळतं. सकाळपासून दोघांनी कपॅसिटर सांगितला." त्यांनी कागद उलटला. मेगरचं विचारलं, आधी मेन स्विच बंद करायचा का ते विचारलं, फ्यूजचं विचारलं. वैजनाथ बरोबर सांगत गेला. मग ते म्हणाले, "एक चार मजली राहती इमारत आहे. जुनी. अर्थिंगचा रेझिस्टन्स साधारण किती येईल?"

बाहेर बाकावर बसलेल्या पोरांनी हा प्रश्न आधीच बाहेर आणला होता. उत्तरही आणलं होतं. पाचच्या आत सांगायचं, साहेब खूश होतात.

वैजनाथ म्हणाला, "मोजल्याशिवाय सांगता येत नाही."

"ते कळलं. साधारण?"

"साधारण नाही सांगता येत, साहेब."

तरुण साहेबांनी मान वर केली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. "पुस्तकात काय दिलंय? वाचलंय ना पुस्तक?"

"वाचलंय. पुस्तकात किती असावं ते दिलंय. किती आहे ते नाही दिलं."

"वा. म्हणजे आम्हालाच शिकवणी." त्यांचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "किती वर्षं काम करताय?"

"तेविसावं चालू आहे."

"तेवीस वर्षांत कधी अंदाजानं आकडा लिहिला नाहीत? खरं सांगा."

हे उत्तर फॉर्मच्या कुठल्या रकान्यात जाईल, वैजनाथला माहीत नव्हतं. खोटे अहवाल भरणाऱ्याला सुपरवायझर करत नाहीत, हे मात्र पक्कं माहीत होतं. त्याचे हात मांडीवर होते. त्यानं ते तिथंच ठेवले.

"लिहिला, साहेब. सगळीकडं लिहिला. दोन लिहायचो. एकदाही मोजलं नाही."

पंख्याचा आवाज तेवढा होत राहिला.

"मग आता काय झालं?" चष्मेवाले म्हणाले.

"घरी एकदा मोजलं." त्यानं मांडीवरच्या हातांकडं पाहिलं. "आमच्या घरात एक माणूस होतं. त्यानं माझा खोटा आकडा खरा केला. रोज पाणी घालून. आजारी असताना. मला ठाऊक नव्हतं. आता नाही लिहवत."

मग चष्मेवाल्यांनी चष्मा चढवला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते वैजनाथला उलटं दिसत होतं, पण त्यानं वाचायचा प्रयत्न केला नाही.

"या तुम्ही," ते म्हणाले. "पुढच्याला पाठवा."

घरी पोचायला साडेचार झाले. जिन्याच्या वरच्या पायरीवर रझियाभाभी भरलेली बादली घेऊन उभ्या होत्या.

"झाली परीक्षा? कशी गेली?"

"निकाल लागला की सांगतो, भाभी."

"काहीतरी अंदाज असेल की."

वैजनाथनं मान हलवली.

भाभी जरा घुटमळल्या. बादलीची कडी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "भाऊ, एक विचारू? तिनं परीक्षेपर्यंत म्हणून सांगितलं होतं. परीक्षा तर झाली. आता हे पाणी..."

त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. वैजनाथ दोन पायऱ्या वर चढून आला.

"आता राहू द्या. येत्या गुरुवारी खड्डा उकरतो. मीठ-कोळसा नवीन भरतो. मग रोज कुणाला घालावं लागणार नाही."

"आणि आजचं?"

"द्या इकडं."

त्यानं बादली घेतली. ती त्याला वाटली त्यापेक्षा जड होती. काठोकाठ भरलेली, तांदळाच्या पाण्यानं पांढुरकी. बावीस वर्षं तो वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकून मजलेच्या मजले चढला-उतरला होता, पण या जिन्यावरून भरली बादली कधी खाली नेली नव्हती. जिना अरुंद होता, कठडा एका बाजूलाच. पाणी सांडू नये म्हणून एकेक पायरी थांबून, दोन्ही पाय टेकवून उतरावं लागत होतं.

उतरताना तो पायऱ्या मोजत होता. तेवीस भरल्या.